नाकाड्या राजाचं दुसरं नाणं

आमच्या भागातले पाण्याचे मीटर जमिनीत असतात. लोखंडी झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, काचेवरचा चिखल बोटाने पुसायचा आणि आतले आकडे वाचायचे. काच बहुधा आतून घामेजलेली असते, आकड्यांवर हिरवट थर चढलेला असतो, आणि तिनाचा आठ वाचला गेला की घरमालक दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन टेबल बडवतो. मीटरवाल्यांनी हे काम सव्वीस वर्षं केलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही शेजारीपाजारी त्यांना मीटरवालेच म्हणायचो, आणि त्यांची बायकोही चारचौघांत ‘आमचे मीटरवाले’ असंच म्हणायची. सव्वीस वर्षांत त्यांच्या पँटी नेहमी गुडघ्यावर आधी विरल्या, आणि नजर अशी तयार झाली की आपल्याला जिथे नुसता गंज दिसतो तिथे त्यांना आकडा दिसायचा.

एकदा अशाच एका खड्ड्यात त्यांना तांब्याची चकती सापडली. आधी वाटलं, नळाचा वॉशर असेल. पण वॉशरला भोक असतं. त्यांनी ती थुंकीने पुसली, उन्हाला तिरपी धरली, आणि काठाजवळ अर्धं अक्षर दिसलं. त्या दिवशी पुढच्या अकरा घरांचे मीटर वाचायचे राहून गेले. त्या अकरा घरांना त्या महिन्यात अंदाजे बिल गेलं, आणि विशेष म्हणजे एकानेही तक्रार केली नाही.

तिथून त्यांना जुन्या नाण्यांचं वेड लागलं. वेड लागायला माणसाकडे पैसा लागतो असा एक समज आहे. मीटरवाल्यांकडे नव्हता, म्हणून त्यांनी कुणालाच नको असलेली नाणी घ्यायला सुरुवात केली. झिजलेली, चेपलेली, राजाचं डोकं गेलेली, नुसती मान उरलेली. भंगारवाले ती मुठीने द्यायचे. घरात जागा म्हणाल तर तळमजल्यावर बायकोचं आणि सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान, वर दोन खोल्या. दुकानात दोऱ्याच्या रिळांचं एक लाकडी कपाट होतं, त्यातले वरचे दोन कप्पे त्यांना मिळाले. अट एकच, की खालच्या कप्प्यांना हात लावायचा नाही. त्यांचीही एक अट होती, की नाणी घासायची नाहीत, धुवायची नाहीत.

“घरात धूळ करणारे नवरे पुष्कळ असतात,” त्यांची बायको माप घेता घेता गिऱ्हाइकांना सांगायची, “पण धूळ जपून ठेवणारा हा एकच.”

सासूबाई काही बोलायच्या नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्या सुईत दोरा स्वतः ओवायच्या, आणि बोलण्यापेक्षा टाका घालणं त्यांना जास्त उपयोगाचं वाटायचं.

आता आमच्या मंडळाविषयी सांगतो. ‘आमच्या’ म्हणतो, कारण मीही त्यात होतो. माझा छापखाना आहे आणि मला नाण्यांतलं काही कळत नाही. पण मंडळाची पत्रकं मी छापायचो, म्हणून मला सभासद करून घेतलं होतं. सभासद एकूण अकरा. दर रविवारी दहा वाजता दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट जिथे वाट बघत बसतात त्या खोलीत बैठक भरायची. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं रंगीत चित्र, त्याखाली अध्यक्षांची खुर्ची. अध्यक्ष म्हणजे स्वतः डॉक्टर. चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, जे इतिवृत्तसुद्धा फळ्यावर लिहिल्यासारखं मोठ्या अक्षरात लिहायचे. तिसरे वजनदार सभासद चष्म्याच्या दुकानाचे मालक, कारण भिंगं त्यांच्याकडून स्वस्तात मिळत.

मंडळाचा सगळा मान एका नाण्यावर उभा होता. डॉक्टरांनी बावीस वर्षांपूर्वी एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलेलं ते चांदीचं नाणं. त्यावर बाकदार नाकाचा एक राजा होता. त्याला आम्ही आपसांत नाकाड्या म्हणायचो, समोर ‘सम्राट’ म्हणायचो. असं दुसरं नाणं जगात कुणाकडेच नव्हतं. डॉक्टरांनी त्यावर अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती, ती मीच छापली होती, आणि तिच्या मुखपृष्ठावर ‘एकमेव ज्ञात नमुना’ हे शब्द राजाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते, कारण राजाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नाण्याच्या काठाला पाच अक्षरं होती. मुख्याध्यापकांनी दोन वर्षं खपून ती ‘दोन नद्यांचा स्वामी’ अशी लावली होती. कोणत्या दोन नद्या, यावर चष्मेवाल्यांचा आणि त्यांचा बोलाचालीपर्यंत वाद होता. चष्मेवाल्यांनी राजाच्या डाव्या डोळ्यावर स्वतंत्र लेख लिहून त्याला मोतीबिंदू असल्याचं सिद्ध केलं होतं.

हे नाणं वर्षातून एकदा, मंडळाच्या वर्धापनदिनी, काचेच्या पेटीतून बाहेर यायचं. म्हणजे पेटी बाहेर यायची. नाणं पेटीतच राहायचं. आम्ही ओळीने जाऊन वाकून बघायचो आणि दर वर्षी तेच बोलायचो. हातात घ्यायची परवानगी कुणालाच नव्हती. हाताच्या घामाने चांदी काळवंडते असं डॉक्टर म्हणत.

अशा या मंडळात मीटरवाले शेवटच्या खुर्चीवर, बूट काढायच्या जागेशेजारी बसायचे. कधी खिशातून कागदाची पुडी काढून एखादी झिजकी चकती पुढे करायचे. डॉक्टर ती चिमट्याने उचलायचे, दाढ काढल्यावर पेशंटला दाखवतात तशी सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, “मीटरवाले, ही पाण्याच्या खात्यात परत जमा करा.” सगळे हसायचे. मीही हसायचो. मीटरवालेही थोडं हसायचे आणि पुडी परत बांधायचे. मग महिन्याभराने ते नुसत्या एका कानावरून आणि मुकुटाच्या टोकावरून तो राजा कोण ते शोधून काढायचे आणि तसं मला छापखान्यात येऊन सांगायचे. बैठकीत सांगायचे नाहीत. कुणी विचारलंच नव्हतं ना.

आणि एका शनिवारी भंगारबाजारात, किल्ल्या, बिजागऱ्या आणि तुटक्या कड्यांनी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, त्यांना नाकाड्या भेटला.

ते तसेच माझ्याकडे आले. मी यंत्राला शाई लावत होतो.

“पुस्तिकेची एक प्रत द्या,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी पायातल्या चपला दाराशी काढल्या होत्या, आणि छापखान्यात कुणी चपला काढत नाही.

मी प्रत दिली. त्यांनी मुखपृष्ठावरच्या फोटोशेजारी आपलं नाणं ठेवलं. तेच नाक, तोच मुकुट, तीच पाच अक्षरं. माझ्या हातातला बोळा खाली पडला.

“मीटरवाले,” मी म्हटलं, “म्हणजे आता एकमेव नाही. तुमचं दुसरं. तुमचं नाव होणार.”

त्यांनी भिंग काढलं आणि आधी नाणं, मग फोटो, मग पुन्हा नाणं असं कितीतरी वेळ बघितलं.

“कानाच्या खाली एक रेघ आहे,” ते म्हणाले. “फोटोतही आहे. तिथेच, तेवढीच, तशीच तिरकी.”

“एकाच ठशावर मारली असतील दोन्ही. ठशाला भेग असेल.”

“ठशाला भेग असली तर त्या भेगेत धातू शिरतो. मग नाण्यावर रेघ उंच येते. ही खोल आहे. म्हणजे नाणं तयार झाल्यावर त्याला कुणीतरी ओरबाडलंय. दोन वेगवेगळी नाणी एकाच जागी, एकाच लांबीची कशी ओरबाडली जातील?”

छापखान्याच्या माणसाला याचं उत्तर खरं तर सुचायला हवं होतं.

“एकाच नमुन्यावरून साचा काढून ओतलेली आहेत,” ते म्हणाले. “दोन्ही.”

“तुमचंच खोटं असेल,” मी म्हटलं.

“माझं खोटंच आहे,” मीटरवाले म्हणाले. “म्हणून तर सांगतोय.”

मला त्यांचं तेव्हा जरा हसूच आलं. आयुष्यात एकदा मोठं नाणं हाती लागलं, तर हा माणूस पहिल्या दहा मिनिटांत ते खोटं पाडून मोकळा. आमच्या मंडळात कुणी असा असता तर मंडळ दुसऱ्याच रविवारी बंद पडलं असतं.

मीही त्यांच्याबरोबर घरी गेलो. दुकानात सासूबाई मशीनवर बाही जोडत होत्या, आणि त्यांची बायको टेबलावर कापड बेतत होती. मीटरवाल्यांनी नाणं खिडकीजवळच्या उजेडात धरलं, तशी सासूबाईंनी मशीन थांबवलं.

“जावईबापू, हे बटण तुम्हाला कुठे मिळालं?”

“बटण नाही आई, नाणं आहे,” मीटरवाले म्हणाले. मग थोडं थांबून, “म्हणजे, नाणं नाही. पण बटण कसं?”

“कसं म्हणजे? अंगरख्याचं बटण.” त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूने अंगठा फिरवला. “मागची कडी तोडलीय कुणीतरी. नीट तोडलीय, कानसपण मारलीय. आतल्या खोलीतून निळा डबा आण गं.”

बायकोने डबा आणला. त्यात हूक होते, दाबबटणं होती, फुटके मणी होते आणि सगळ्यात खाली जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं. कार्डावर बारा भोकं, आणि त्यांतल्या सात भोकांत सात नाकाडे. शिवाय सुटे नऊ निघाले. सगळ्यांच्या पाठीला कडी होती. सगळ्यांच्या कानाखाली रेघ होती.

सासूबाई शांतपणे सांगत गेल्या. पूर्वी गावात एक नाटक कंपनी होती. तिचे सगळे कपडे त्या शिवायच्या. एका नाटकात दरबार होता, आणि प्रधानाच्या एका अंगरख्याला चोवीस बटणं लागायची. कंपनी मोडली तेव्हा कपड्यांची पेटी भंगारात गेली.

“ही रेघ?” मीटरवाल्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून आहे. मी दुकानदाराला म्हटलं होतं, सगळ्या बटणांना ओरखडा आहे, बदलून द्या. तो म्हणाला, बाई, शेवटच्या रांगेतून कुणाला दिसणार आहे.”

बायको इतका वेळ एक बटण हातात घेऊन उभी होती. ती गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या उंच आरशासमोर गेली, बटण आरशाला धरलं आणि म्हणाली, “इकडे या जरा.”

काठावरची पाच अक्षरं आरशात सुलटी झाली होती. कोरणाऱ्याने साच्यात ती सरळ कोरली होती, त्यामुळे बटणावर उलटी उमटली होती. हातातल्या कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात तीच पाच अक्षरं, त्याच वळणाची, छापलेली होती. ते बटणांच्या कारखान्याचं नाव होतं.

“दोन नद्यांचा स्वामी,” मी म्हटलं.

“कोण?” सासूबाईंनी विचारलं.

मीटरवाले खुर्चीवर बसले. त्यांना आनंद झाला नव्हता एवढं मला नक्की आठवतं. ते म्हणाले, “पंधरा दिवसांनी संग्रहालयाच्या बाई नाणं न्यायला येणार आहेत.” हे खरंच होतं. डॉक्टर आपलं नाणं शहराच्या संग्रहालयाला भेट देणार होते, समारंभ ठरला होता, आणि पुस्तिकेची दुसरी आवृत्ती माझ्याकडे खिळे जुळवून तयार होती. “चारचौघांत त्यांची शोभा व्हायला नको. मी आधी एकटा जाऊन सांगतो.”

ते सोमवारी दवाखान्यात गेले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम आहे. मीटरवाले म्हणाले, नाण्याविषयी जरा बोलायचं होतं. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, “बसा खुर्चीत. आ करा.” मीटरवाले भिडस्त. त्यांनी आ केला. मग डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस, नळी आणि आरसा घातला, आणि पाऊण तास दात साफ करत मंडळाची बावीस वर्षांची वाटचाल सांगितली. मीटरवाले मध्ये मध्ये घशातून काहीतरी आवाज काढायचे, त्याला डॉक्टर “हो, हो” म्हणायचे. शेवटी चूळ भरायला दिली आणि म्हणाले, “दोन दाढा किडल्यात. बाकी जे असेल ते बैठकीत काढा.”

म्हणून विषय बैठकीत निघाला. त्या रविवारी अकराच्या अकरा सभासद हजर होते. मीटरवाले उठून उभे राहिले आणि त्यांनी आपलं नाणं मासिकांच्या टेबलावर ठेवलं. खुर्च्या सरकल्या. चष्मेवाल्यांनी दोन चष्मे एकावर एक लावले.

“दुसरा नमुना,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि वहीत लिहू लागले.

“सर, लिहू नका,” मीटरवाले म्हणाले. “हे खोटं आहे. आणि अध्यक्षांचंही.”

मग त्यांनी रेघेचं सांगितलं. अगदी सावकाश, मीटर का फिरतो ते घरमालकाला सांगतात तसं. आणि निळा डबा उघडून सोळा नाकाडे टेबलावर ओतले.

दाढेच्या चित्राखाली डॉक्टर हाताची घडी घालून बसले होते. मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या आवृत्तीचे जुळवलेले मजकूर माझ्या डोळ्यांपुढून गेले.

“निधी,” चष्मेवाले हळूच म्हणाले.

“काय?”

“हा निधी आहे, जुना ठेवा. एकाच ठिकाणी सतरा नाणी. केवढा मोठा शोध आहे हा, मीटरवाले, तुम्हाला कल्पना आहे का?”

“पण त्यांना कड्या आहेत,” मीटरवाले म्हणाले. “बटणाच्या कड्या.”

“प्राचीन काळी नाण्यांना कड्या लावून गळ्यात घालत,” मुख्याध्यापक म्हणाले. “याचे दाखले आहेत.” आणि दाखले खरोखरच आहेत, ते मीटरवाल्यांनाही माहीत होतं. म्हणून ते क्षणभर गप्प झाले, आणि त्या क्षणाचा सगळ्यांनी फायदा घेतला.

“आणि हे कार्ड?” मीटरवाल्यांनी विचारलं.

“वेष्टन अर्वाचीन आहे. आतला माल प्राचीन असू शकतो.”

“माझ्या सासूबाईंनी ही स्वतः दुकानातून आणलीयत.”

मुख्याध्यापकांनी मान हलवली. “त्यांचा अनादर करायचा नाही. पण ती मौखिक परंपरा झाली. तिला पुराव्याचा आधार लागतो.”

“अक्षरं आरशात वाचा. कारखान्याचं नाव आहे.”

“आरशात काय वाटेल ते दिसतं,” चष्मेवाले म्हणाले. हे चष्म्याच्या दुकानदाराने म्हणावं, याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही.

मग मुख्याध्यापकांनी ठराव मांडला. सम्राटांची सर्व सतरा नाणी आणि अध्यक्षांचं मूळ नाणं अस्सल असल्याचं हे मंडळ जाहीर करत आहे. नव्या शोधाला ‘शिंपीघर निधी’ असं नाव देण्यात येत आहे, आणि शोधकर्ते म्हणून मीटरवाल्यांची उपाध्यक्षपदी निवड करण्यात येत आहे. अनुकूल असलेल्यांनी हात वर करावेत.

नऊ हात वर झाले. त्यांतला एक माझा होता. मी आरसा पाहिला होता, कार्ड पाहिलं होतं, सासूबाईंचं बोलणं माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण शेजारच्याने हात वर केला, त्याच्या शेजारच्याने केला, आणि माझा हात, खरं सांगतो, मला न विचारता वर गेला. मीटरवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. घामेजलेल्या काचेतून आकडा लागतो का बघावा, तसं.

विरुद्ध एक. अध्यक्षांनी मत दिलं नाही. ते टेबलावरच्या सोळा राजांकडे बघत होते.

मीटरवाल्यांनी बटणं डब्यात भरली. त्यांचं अभिनंदन करायला तिघे पुढे आले, त्यांच्याशी त्यांनी हात मिळवला, कारण भिडस्त माणूस हात मागे घेत नाही. पण उपाध्यक्षांची खुर्ची पुढे ओढून दिली, तर ते बसले नाहीत. घरी गेले.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर स्वतः शिवणाच्या दुकानात आले. मी तेव्हा तिथेच होतो. माफी मागायला गेलो होतो, आणि ती कशी मागावी ते न कळून शर्टाचं माप देत उभा होतो. डॉक्टरांनी मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. सासूबाईंना म्हणाले, “ते कार्ड बघू शकतो का?”

सासूबाईंनी कार्ड दिलं. डॉक्टरांनी ते दोन्ही हातांनी धरलं. बावीस वर्षांत त्यांनी आम्हाला जे हातात घेऊ दिलं नव्हतं, ते इथे सात एका ओळीत टोचलेले होते.

“मला पहिल्याच वर्षी कळलं होतं,” ते म्हणाले. “आमच्या कामात धातू रोज हाताळावे लागतात. एकदा काठ जरासा घासून पाहिला. खाली पितळ.”

“मग बोलला का नाहीत?” मीटरवाल्यांनी विचारलं.

“पुस्तिका छापून झाली होती.”

मी खाली बघितलं. मीटरवाल्यांची बायको माझ्या खांद्यावर फीत धरून उभी होती, ती म्हणाली, “हलू नका.”

“दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगावं,” डॉक्टर म्हणाले. “मग सरांनी काठावरचा लेख लावला. मग चष्मेवाल्यांनी मोतीबिंदू काढला. इतक्या लोकांचं इतकं काही त्या नाण्यावर उभं राहिलं, की माझ्या एकट्याचं ते राहिलंच नाही. आणि संग्रहालयाला दिलं म्हणजे ते माझ्या कपाटातून तरी जाईल, असं वाटलं.”

सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बटण चांगलंच होतं. कडी तोडणाऱ्याने घोटाळा केला.”

डॉक्टरांनी कार्ड परत दिलं. जाताना मीटरवाल्यांना म्हणाले, “दाढांकडे मात्र लक्ष द्या. त्या खरंच किडल्यात.”

समारंभाच्या दिवशी संग्रहालयाच्या बाई आल्या. साध्या, चष्मा लावलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. मुख्याध्यापकांनी स्वागताचं भाषण केलं, त्यात दोन्ही नद्या येऊन गेल्या. शिंपीघर निधीचा उल्लेख झाला. मग काचेची पेटी पुढे आली. बाई वाकल्या, आणि काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर उठले. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, नाणं काढलं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं.

“हे बटण आहे,” ते म्हणाले. “मी बावीस वर्षं ते नाणं म्हणून दाखवलं. मागे कडीची जागा आहे, बघा.”

आम्ही सगळे ताठ बसलो होतो. मुख्याध्यापक उभे राहिले.

“अध्यक्षमहाराज, हरकत आहे. या विषयावर ठराव झालेला आहे. बहुमताने मंजूर झालेला ठराव अध्यक्षांना एकट्याला मोडता येत नाही.”

बाईंनी नाणं उलटं करून पाहिलं, काठावरून नख फिरवलं, आणि हसू आवरून विचारलं, “याचं कार्ड वगैरे कुणाकडे आहे का? आमच्याकडे रंगभूमीच्या कपड्यांचा विभाग आहे. अंगरखे आहेत, पण बटणं कुठून यायची, कोण शिवायचं, काही नोंद नाही.”

मीटरवाले शेवटच्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “कार्ड आहे. शिवणाऱ्याही आहेत. त्यांना अठरा अंगरखे तोंडपाठ आहेत.”

तर आता संग्रहालयात नाकाडे सातच्या सात कार्डावर आहेत, डॉक्टरांचा आठवा सुटा आहे, आणि खाली देणगीदार म्हणून सासूबाईंचं नाव आहे. बाई तीनदा दुकानात येऊन त्यांच्याशी बोलल्या आणि सगळं लिहून नेलं. मौखिक परंपरेला असा लेखी आधार मिळाला. सासूबाई उद्‌घाटनाला गेल्या नाहीत. दोन ब्लाउज द्यायचे होते.

मंडळ मोडलं नाही, उलट वाढलं. डॉक्टरांनी राजीनामा दिला तेव्हा मुख्याध्यापक अध्यक्ष झाले, आणि संग्रहालयाने सम्राटांचा पुरावा कसा दडपला यावर त्यांची व्याख्यानं होतात. त्यांना बऱ्यापैकी गर्दी असते. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तिला ‘दडपलेलं सत्य’ असं नवं प्रकरण जोडलं आहे. ती छापली मीच. मी मीटरवाल्यांना तसं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “पन्नासाव्या पानावर ‘सम्राट’चा ‘ट’ उलटा पडलाय.” त्यांनी वाचली होती.

डॉक्टर आता रविवारी शिवणाच्या दुकानात येतात. येताना भिंग आणि वाचायचा चष्मा आणतात. मीटरवाले कुणालाच नको असलेली एखादी चकती कप्प्यातून काढतात. मागच्या खेपेला मी गेलो, तेव्हा ते दोघे तीन आठवड्यांपासून एकाच नाण्यावर होते. डॉक्टरांच्या मते तो डोंगर होता. मीटरवाल्यांच्या मते बसलेला बैल.

“बैल असता तर शिंग दिसलं असतं.”

“शिंगाचीच जागा झिजलीय. उंच भाग आधी झिजतो.”

“मग डोंगराचं शिखरही आधीच झिजेल की.”

मीटरवाल्यांनी यावर विचार केला. “हो. झिजेल,” ते म्हणाले, आणि दोघेही पुन्हा वाकले. डॉक्टरांनी नाणं चिमट्याने न धरता बोटांनी धरलं होतं, आणि त्यांच्या अंगठ्याला हिरवट डाग लागला होता.

सासूबाई कापड घेऊन आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांना बेतायला जागा हवी होती. दोघांनी भिंगं, कापूस आणि ती चकती गोळा केली, आणि बोलणं न थांबवता जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.